टोगॅफ: कोडची एक ओळही न विचारणाऱ्या परीक्षेला आयटीवाले का बसतात?

लिंक्डइनवर एखाद्या मित्राच्या नावापुढे अचानक ‘टोगॅफ सर्टिफाइड’ असं झळकायला लागतं. खाली अभिनंदनाच्या कमेंटची रांग. त्यातल्या बऱ्याच जणांना हे नेमकं काय आहे ते माहीत नसतं, पण ‘काँग्रॅट्स भावा’ लिहायला काय जातंय.

हा मित्र बहुतेक वेळा दहा-बारा वर्षं नोकरी झालेला असतो. बोरिवलीहून लोकल पकडून अंधेरीच्या सीप्झमध्ये जाणारा, नाहीतर मुलुंडहून पूल ओलांडून ऐरोली गाठणारा. कोड लिहून झाला, टीम सांभाळून झाली, आता पुढची पायरी म्हणजे ‘आर्किटेक्ट’. आणि त्या पदाच्या जाहिरातींमध्ये एक ओळ सारखी दिसते: टोगॅफ असेल तर प्राधान्य.

परीक्षेची फी डॉलरमध्ये, तीही शेकड्यात. वर ऑफिस आणि लोकल सांभाळून दोन-तीन महिन्यांच्या रात्री. एवढं करून नक्की काय मिळतं?

आधी अंधेरीला चला

‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ हा शब्द ऐकूनच माणूस स्क्रोल करून पुढे जातो. म्हणून आपण मेट्रोचं उदाहरण घेऊ.

8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. ती चालवणारी कंपनी वेगळी. 2022 मध्ये 2ए आणि 7 या लाइन सुरू व्हायला लागल्या, त्या चालवणारी संस्था वेगळी. 2024 मध्ये भुयारी मेट्रो 3 आली, तिची संस्था आणखी वेगळी. लोकल रेल्वेची, बस बेस्टची. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, कार्ड वेगळं, अ‍ॅप वेगळं. मग ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ अ‍ॅप आलं आणि 11 वाहतूक सेवांची तिकिटं एका ठिकाणी काढता यायला लागली.

आपल्यासाठी ते फोनमधलं एक अ‍ॅप. पण असं काही बनवायचं तर आत किती प्रश्न असतात बघा. प्रवाशाने एकदाच पैसे दिले, तर त्यातले कुणाला किती जाणार? तिकीट रद्द झालं तर परतावा कोण देणार? हे झाले व्यवसायाचे प्रश्न.

मग डेटा. लाइन 1 वरचं डी. एन. नगर आणि 2ए वरचं अंधेरी पश्चिम ही दोन वेगळ्या नावांची स्टेशनं एकमेकांना जोडलेली आहेत. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि गुंदवली यांचंही तसंच. रोज जाणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. कम्प्युटरला मात्र कुणीतरी सांगावं लागतं की बाबा, इथे उतरून तिथे चढता येतं. त्यानंतर कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या सॉफ्टवेअरशी बोलणार हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी सर्व्हर, नेटवर्क, आणि सकाळी नऊला गेटवर पटकन स्कॅन होणारा क्यूआर कोड.

व्यवसाय, डेटा, अ‍ॅप्लिकेशन, तंत्रज्ञान. टोगॅफमध्ये याच चार थरांवर विचार होतो. मुंबई वन टोगॅफ वापरून बनवलंय असा आमचा दावा नाही, उदाहरण फक्त समजण्यापुरतं. या चारही थरांचा एकत्र नकाशा काढायचा, आज काय आहे आणि उद्या काय हवंय यातली दरी मोजायची आणि ती कुठल्या क्रमाने भरायची ते ठरवायचं, हे एंटरप्राइझ आर्किटेक्टचं काम.

हे आलं कुठून?

1987 मध्ये आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी एका लेखात मांडलं की, इमारतीसाठी मालकाचं रेखाचित्र वेगळं, बांधणाऱ्याचं वेगळं, तसंच कंपनीच्या माहिती यंत्रणेचंही असायला हवं. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःची एक चौकट बनवली आणि तिच्या पायावर 1995 मध्ये टोगॅफची पहिली आवृत्ती आली. आज ती ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेकडे आहे. दहावी आवृत्ती 2022 ची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयानेही 2018 मध्ये सरकारी खात्यांसाठी ‘इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ नावाची चौकट आणली, तिच्यातही टोगॅफच्या कल्पना आहेत. म्हणजे हा फक्त परदेशी क्लायंटपुरता विषय राहिलेला नाही.

परीक्षेत काय असतं?

दोन भाग. पहिल्यात 40 प्रश्न, 60 मिनिटं, पास व्हायला 60 टक्के म्हणजे 24 बरोबर. पुस्तक बंद. इथे व्याख्या आणि फरक विचारतात. पाठांतर लागतंच, पण शब्दांच्या जोड्या समजून घेतल्या तर बरंच सोपं जातं. उदाहरणार्थ, ‘स्टेशनवर तिकीट तपासणारी काहीतरी यंत्रणा हवी’ हा झाला आर्किटेक्चर बिल्डिंग ब्लॉक. ‘अमुक कंपनीचं तमुक मॉडेलचं गेट’ हा सोल्यूशन बिल्डिंग ब्लॉक. एकात गरज, दुसऱ्यात प्रत्यक्ष वस्तू.

या सगळ्याच्या मध्यभागी एडीएम नावाचं गोल चक्र आहे. सुरुवातीची तयारी, मग ए ते एच असे टप्पे, आणि मधोमध गरजांचं व्यवस्थापन. ए मध्ये उद्दिष्ट, बी मध्ये व्यवसाय, सी मध्ये डेटा आणि अ‍ॅप्लिकेशन, आणि तंत्रज्ञान थेट डी मध्ये. इथेच आयटीवाल्यांची गोची होते. आपल्याकडे मीटिंगमध्ये पहिलं वाक्य असतं, ‘क्लाउडवर टाकूया’. टोगॅफ म्हणतं, थांबा, आधी हे कुणाला आणि कशासाठी हवंय ते सांगा.

दुसरा भाग खरा मजेशीर आहे. फक्त 8 प्रश्न, 90 मिनिटं, आणि पुस्तक उघडं. स्क्रीनवरच टोगॅफचा मजकूर उपलब्ध असतो. ऐकायला सोपं वाटतं, पण एका प्रश्नाला जेमतेम 11 मिनिटं मिळतात. पान-दीड पानाचा प्रसंग वाचण्यातच त्यातली बरीच संपतात, मग पुस्तकात शोधणार कधी?

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सर्वोत्तमाला 5 गुण, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1 आणि चौथ्याला 0. एकूण 40, पास व्हायला 24. गंमत म्हणजे आठही वेळा दुसऱ्या नंबरचं उत्तर निवडलं तरी आठ त्रिक चोवीस, तुम्ही काठावर पास! उलट चार उत्तरं एकदम अचूक आणि बाकी चार शून्याची आली, तर 20 वर नापास. त्यामुळे शून्याचा पर्याय ओळखता येणं हे पहिलं काम.

आम्ही बनवलेला एक नमुना बघा. समजा, घाटकोपरची एक सहकारी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली. दोन वेगळ्या यंत्रणा, ग्राहकांच्या दुहेरी नोंदी. शाखा व्यवस्थापकांना वयस्कर ठेवीदारांच्या पासबुकाची काळजी, सुरक्षा विभागाला डेटाची. तुम्ही मुख्य आर्किटेक्ट, काय कराल? पर्याय एक: मार्चपूर्वी सगळी खाती मोठ्या बँकेच्या यंत्रणेत हलवा. पर्याय दोन: कुणाकुणाच्या काय काळजी आहेत ते नोंदवा, प्रत्येकाला समजेल अशा स्वरूपात चित्र मांडा, उद्दिष्टावर मंजुरी घ्या आणि मगच पुढे जा.

पंधरा वर्षं प्रोजेक्ट केलेला माणूस पहिला पर्याय निवडण्याची शक्यता जास्त, कारण प्रत्यक्षात त्याने तेच होताना पाहिलंय. 5 गुण मात्र दुसऱ्याला. अनुभवी लोक इथे अडकतात ते याच कारणाने. विचारलेलं असतं टोगॅफनुसार काय कराल, आणि आपण उत्तर देतो आपल्या मॅनेजरनुसार.

परीक्षा केंद्रावर देता येते किंवा घरून, वेबकॅमसमोर. घरून द्यायची तर टेबल मोकळं आणि खोलीत दुसरं कुणीही नको. कुणी आत आलं तर परीक्षा तिथेच रद्द होऊ शकते. उपनगरातल्या वन-बीएचकेमध्ये अडीच तास एक खोली रिकामी ठेवणं हा स्वतंत्र प्रकल्पच आहे. लहान मूल घरात असेल तर सरळ केंद्र निवडलेलं बरं.

मग करावं का?

इथे एक गोष्ट क्लासवाले जाहिरातीत सांगत नाहीत. या परीक्षेला बसायला अनुभवाची अट नाही. डिग्री संपवून कालच बाहेर पडलेला मुलगाही पास होऊ शकतो. म्हणजे सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तुम्हाला ही पद्धत आणि तिची भाषा येते. तुम्ही कधी काही उभं केलंय का, हे ते सांगत नाही. ओपन ग्रुपलाही हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्याकडे ‘ओपन सर्टिफाइड आर्किटेक्ट’ नावाचं वेगळं प्रमाणपत्र आहे. त्यात असली परीक्षा नसते, तुमचा अनुभव लेखी मांडावा लागतो आणि या क्षेत्रातले लोक समोर बसून तो तपासतात.

त्यामुळे फ्रेशरने कर्ज काढून वगैरे टोगॅफ करण्यात फारसा अर्थ दिसत नाही. मुलाखतीत दुसराच प्रश्न येतो, ‘कुठे वापरलंत?’ आणि तिथे गाडी थांबते. पण जो माणूस आधीच मोठ्या यंत्रणा जोडण्याचं काम करतोय, बँकेच्या किंवा सरकारी प्रोजेक्टवर आहे, त्याला फायदा होतो. वेगवेगळ्या देशांतल्या टीम एकच शब्द एकाच अर्थाने वापरतात, ही छोटी गोष्ट नाही. टोगॅफमुळे नुसती कागदपत्रं वाढतात ही टीका जुनी आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण सगळे टप्पे जसेच्या तसे वापरू नका, तुमच्या संस्थेप्रमाणे कापून घ्या, हे टोगॅफमध्येच लिहिलेलं आहे. ते पान बहुतेक कंपन्या वाचत नाहीत.

क्लास लावणं सक्तीचं नाही. मूळ मजकूर ओपन ग्रुपच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘खऱ्या प्रश्नपत्रिकां’च्या मात्र नादी लागू नका. तो नियमभंग आहे आणि त्यावरून सर्टिफिकेट जाऊ शकतं. दोन्ही भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे आधी पहिल्याचीच फी भरून बघता येते. आणि हे सर्टिफिकेट एकदा मिळालं की त्याची मुदत संपत नाही, तेव्हा ‘या महिन्यातच करा’ म्हणून मागे लागलेल्या क्लासवाल्याला निवांत उत्तर दिलं तरी चालतं.