गाडीचा दोष डोक्यात की पायात?

पिकाचे पान पिवळे पडले की आपण लगेच युरियाची गोणी फोडतो. पण पुष्कळदा नत्राची उणीव नसतेच; पाणी साचून मूळ कुजलेले असते. रोग पानावर दिसला तरी तो मुळाशी शोधावा, असे मी नोकरीभर सांगत आलो. तोच धडा गेल्या उन्हाळ्यात एका गाडीने मला पुन्हा दिला.

जुन्नर तालुक्यातले एक बागायतदार आहेत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायला त्यांनी वापरलेली पिकअप घेतली. दिवसा ती बिनतक्रार चाले. रात्री दिवे आणि पंखा लावून निघाले, की थोड्याच अंतरावर झटके देई, इंजिनचा लाल-पिवळा दिवा पेटे आणि गाडी बंद पडे. एकदा भरलेल्या क्रेटसह रस्त्यातच रात्र गेली व बाजार हुकला. गॅरेजात यंत्र लावले तेव्हा ‘पी ०५६२’ हा आकडा आला. बॅटरी चांगली, डायनामो चांगला. म्हणजे कंट्रोल मॉड्यूल गेले, ते बदला, असा सल्ला मिळाला. खर्च चाळीस हजारांच्या घरात. काकूंनी पाटल्या गहाण ठेवायची तयारी केली होती.

मी म्हटले, “तात्या, दोन दिवस थांबा. त्या आकड्याचा अर्थ ‘व्होल्टेज कमी’ एवढाच आहे. मॉड्यूल खराब, असे तो सांगत नाही.”

जुनी डिझेल जीप ढकलून सुरू केली, की बॅटरीवाचूनही चाले. आता तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांनाही धुराचे नवे नियम लागू झाले. या इंजिनांत डिझेल केव्हा आणि किती फवारायचे, हे कंट्रोल मॉड्यूल ठरवते. तो गाडीचा मेंदू. त्याला वीज कमी पडली, की तो गोंधळतो.

व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब समजा. विहिरीवर मोटर उत्तम चालते, पण पाइपात गाळ बसला तर शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. विजेला तर जाण्याची आणि परतीची, अशा दोन्ही वाटा मोकळ्या लागतात. परतीची वाट म्हणजे अर्थिंग. ती गंजली, तर बॅटरीवर पूर्ण दाब दिसतो आणि मेंदू मात्र उपाशी राहतो.

तात्यांची मुलगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेते. तिचा मीटर घेऊन आम्ही अंगणातच बसलो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. स्टार्टर मारताना काटा १० च्या वर राहिला. ९.६ च्या खाली गेला असता, तर बॅटरीवर संशय घेतला असता. इंजिन चालू असता १४.१ व्होल्ट आले. साधारण १३.८ ते १४.५ हवेत, म्हणजे डायनामोही ठीक.

मग पोरीने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी चासीच्या उघड्या लोखंडावर टेकवली. मीटरवर जवळजवळ शून्य. ती म्हणाली, “काका, यात काही नाही.” तेवढ्यात काकू दारातून म्हणाल्या, “अगं, दिवे लावल्यावरच बंद पडते ना ती? मग दिवे लावून बघा की!” दिवे आणि पंखा लावताच मीटर ३.४ व्होल्टवर गेला. तिथे एक-दोन दशांशापेक्षा जास्त असू नयेत. १४.१ मधून ३.४ गेले, मेंदूला उरले १०.७.

बॅटरीकडून इंजिनला जाणारी केबल शाबूत होती, म्हणून स्टार्टर जोरात फिरे. चासीला जाणारी पट्टी मात्र हिरवी-पांढरी पडून आतून सडली होती. गाडीत खताच्या गोण्या वाहिलेल्या. सांडलेले खत पाण्यात विरघळून तिथेच झिरपत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच प्रकार चालला होता!

आम्ही आधी बॅटरीचे ऋण टोक सोडले, पट्टी नवी घातली, चासीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. ऋण टोक सर्वांत शेवटी जोडले. खर्च काही शे रुपये. पुन्हा दिवे लावून मोजले, तर ३.४ च्या जागी ०.१ व्होल्ट.

आपल्या गाडीसाठी एवढे ध्यानात ठेवा :

१. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, व्हॅसलीन लावा.

२. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका. दाब एकदम उसळून मॉड्यूल जळू शकते.

३. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडा; मॉड्यूलचा जोडही काढून घ्या.

४. बॅटरीजवळ विडी, काडी नको. तिच्यातून पेटणारा वायू निघतो.

५. खत वाहिल्यावर गाडी धुवा, पण मॉड्यूलवर पाण्याचा फवारा मारू नका.

६. अर्थिंग, फ्यूज, रिले, बेल्ट आणि वायरिंग तपासून झाल्यावरच मॉड्यूलवर बोट ठेवा.

त्या रात्री तात्या दिवे, पंखा सगळे लावून बाजाराला गेले आणि पहाटे क्रेट रिकामे करून परतले. काकूंच्या पाटल्या हातातच राहिल्या. महागडी वस्तू बदलण्याआधी मीटर लावून मोजा, आणि तोही गाडीवर भार असतानाच.