इमॅजिका : उंची एक मीटर, मुक्काम एक दिवस

खोपोली सोडून पालीच्या रस्त्याला लागलं, की सांगडेवाडीजवळ झाडांच्या शेंड्यांवरून रुळांची उंच वेटोळी दिसू लागतात. ती नायट्रोची. सुमारे ४० मीटर उंच, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळणारी, प्रवाशाला पाच वेळा उलटापालटा करणारी आणि पायाखाली फरशीही नसलेली ही राईड म्हणजे इमॅजिका पार्कची ओळख. गाडीतली मोठी माणसं ती बघूनच खूष होतात. मागच्या सीटवर बसलेल्या उत्सवमूर्तीला मात्र तिच्या जवळपासही जाता येणार नसतं. ती आज चार वर्षांची झालेली असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार चार वर्षांच्या मुलाची किंवा मुलीची सरासरी उंची भरते साधारण १०३ सेंटीमीटर. तीन वर्षांचं मूल ९५-९६ सेंटीमीटरचं असतं, पाच वर्षांचं ११० च्या आसपास. इमॅजिकात कोणाला काय मिळणार, हे ठरवते ही उंची. मुलांचं तिकीटसुद्धा वयावर नव्हे, उंचीवर ठरतं.

म्हणून वाढदिवसाचा बेत आखताना पहिलं काम घरातच उरकायचं. मुलाला भिंतीला टेकवून उभं करायचं, पायांत चपला नकोत, आणि टेपने उंची मोजायची. मग पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडची अट पाहून आपली यादी करायची. हे घरी केलं नाही, तर तो हिशेब राईडच्या तोंडाशी उभ्या केलेल्या पट्टीपुढे होतो. तिथलं दृश्य रोजचंच आहे. मूल टाचा उंचावतं, आई हळूच अंबाडा नीट करते, बाबा ‘दोनच बोटं कमी आहे हो’ म्हणत अजिजी करतात आणि पट्टीशेजारचा कर्मचारी टाचा खाली टेकवायला सांगून मान हलवतो. तो करतो ते बरोबरच असतं, कारण सीटचा दांडा ठरावीक अंगकाठीवरच नीट बसतो. पण अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर हे ऐकणाऱ्या मुलाचा वाढदिवस तिथेच आंबट होतो.

सिनेमावाल्याने बांधलेलं पार्क

इमॅजिका सुरू झालं २०१३ मध्ये. ते उभारलं मनमोहन शेट्टी यांनी. फिल्म प्रक्रियेची ‘अ‍ॅडलॅब्ज’ प्रयोगशाळा चालवणारे, ‘अर्धसत्य’सारख्या चित्रपटाच्या निर्मितीत असलेले आणि वडाळ्याचं आयमॅक्स चित्रपटगृह सुरू करणारे शेट्टी पार्ककडे वळले, तेव्हा त्यांनी नुसते पाळणे उभे केले नाहीत. प्रत्येक राईडला गोष्ट, नेपथ्य आणि पार्श्वसंगीत दिलं. १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो इथे एका राईडचा खलनायक आहे. अलीबाबाच्या गुहेत गाडीत बसून चोरांवर नेम धरायचा असतो. ‘आय फॉर इंडिया’मध्ये भल्यामोठ्या पडद्यासमोर पाय अधांतरी सोडून बसलं, की आपण देशावरून उडत असल्याचा भास होतो. २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, मग हॉटेल, आणि २०१६ मध्ये बर्फाचं पार्क. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला.

त्याच वर्षी गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद पडलं. १९८९ पासून मुंबईच्या मुलांचे वाढदिवस होडीतून खाडी ओलांडून तिकडे जात होते. त्याआधीच्या पिढीचं समाधान कमला नेहरू उद्यानातल्या म्हातारीच्या बुटावर व्हायचं, आणि पुण्यात १९५६ पासून पेशवे पार्कातली फुलराणी होतीच. त्या दोन्ही ठिकाणांची एक सोय होती. ती आधीपासूनच लहान मुलांच्या मापाची होती. इमॅजिका तसं नाही. सुमारे १३० एकरांच्या परिसरात कॉलेजची टोळकी, कंपन्यांच्या सहली, शाळांच्या बस आणि बाबागाड्या सगळे एकाच दारातून आत शिरतात. लहान मुलाचं पार्क त्या मोठ्या पार्काच्या पोटात आहे. ते हुडकून काढावं लागतं.

पोटातलं पार्क

ते हुडकायला फार लांब जावं लागत नाही. टबी नावाचा हत्ती हा इमॅजिकाचा यजमान आहे. त्याच्या नावाची ‘टबी टेक्स ऑफ’ म्हणजे गोल फिरत वर-खाली होणारे छोटे हत्ती. मोठ्या माणसाला त्यात काहीच थरार नाही, पण मुलाच्या हाती आपल्या हत्तीचा कारभार आल्यासारखं असतं. ‘वॅगन-ओ-ओ-व्हील’ हा बेताच्या उंचीचा आकाशपाळणा. ‘हम्प्टीज फॉल’ म्हणजे पोरांचा छोटा ड्रॉप टॉवर. थोडं वर नेऊन गचकन खाली आणतो, आणि पहिल्या गचक्यानंतर मूल रडणार की ‘परत’ म्हणणार हे त्याच्या आईवडिलांनाही आधी सांगता येत नाही.

सगळ्यांत भरवशाचा मात्र घोड्यांचा गोल पाळणा, मॅजिक कॅरोसेल. इथे आजीसुद्धा बसू शकते. घोडा निवडण्यातच पाच मिनिटं जातात. पांढरा हवा असतो, पण त्यावर दुसरं कुणी बसलेलं असतं. मग बाहेरच्या कडेचा, मग वर-खाली होणारा. फेरी सुरू झाली, की दर वळणाला बाहेर उभ्या असलेल्या बाबांना हात करायचा आणि बाबांनी प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहाने हात हलवायचा, हा त्या खेळाचा नियम. मुलं उतरली की पुन्हा रांगेच्या शेपटाकडे धावतात. त्यांना धावू द्यावं.

नेमकी इथेच मोठ्यांची पंचाईत होते. तिकिटाला घसघशीत पैसे मोजलेले असतात आणि ‘पैसा वसूल’ हा शब्द डोक्यात घोळत असतो. एकाच पाळण्यात चारदा बसणं म्हणजे तीन राईड बुडाल्या, असा त्यांचा हिशेब. मुलाचा हिशेब उलटा. पहिल्या फेरीत ते बिचकलेलं असतं, दुसऱ्या फेरीत हात सोडून बघतं आणि तिसऱ्या फेरीत त्याला पाळणा कळलेला असतो. खरी मजा तिथून पुढे. इमॅजिकातल्या राईड मोजायच्या असतील तर वाढदिवसाच्या दिवशी जाऊ नये. मोठ्यांना नायट्रो करायचीच असेल तर पाळी लावावी. मामा-मामी एका फेरीला, आई-बाबा पुढच्या फेरीला. मूल मात्र रांगेत नको.

तसंच काळोखाचं. सलीमगढचा भुताटकीचा किल्ला किंवा ‘रॅथ ऑफ द गॉड्स’मधला आगीचा आणि पाण्याचा कल्लोळ मोठ्या मुलांना आवडतो. चार वर्षांच्या मुलाला पडद्यामागचं यंत्र कळत नाही. त्याला ती आग खरीच वाटते. एकदा घाबरलं, की पुढे कुठल्याही दरवाजातून आत जायला ते तयार होत नाही आणि उरलेला दिवस हातचा जातो.

राजासॉरसची वस्ती

लहान मुलांच्या घरात डायनोसॉर असतोच. चार वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याचं आडनाव सांगता येत नाही, पण ‘ट्रायसेराटॉप्स’ अडखळल्याशिवाय म्हणता येतं. इमॅजिकातली ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ ही होडीची राईड त्यांच्यासाठी आहे. शेवटी होडी उंचावरून पाण्यात कोसळते, म्हणून पाटी वाचूनच रांगेला लागावं. उंची कमी पडली तर बाहेर थांबून भिजलेली माणसं उतरताना बघायलाही मुलांना मजा येते.

या राईडचं नाव मात्र कुणा लेखकाने रचलेलं नाही. राजासॉरस खरंच होऊन गेला. गुजरातमध्ये रहिओलीजवळ १९८० च्या दशकात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव दिलं. डोक्यावर बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वी वावरत होता. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर साचू लागले होते. पार्कातून मान वर करून बोरघाटाचे जे काळे कडे दिसतात, ते त्याच लाव्हाचे. म्हणजे मुलाला बोट दाखवून सांगता येतं, की राजासॉरस जिवंत होता तेव्हाचा दगड तो समोर आहे. हे सांगायला तिकीट लागत नाही आणि मुलं ते विसरत नाहीत.

मुहूर्त, घाट आणि डबा

तारखेचा हट्ट धरू नये. मुलाला तारीख कळत नाही, ‘आज माझा वाढदिवस’ एवढंच कळतं. घरात तिथीने औक्षण होतच असतं, तर सहलही चार दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. शनिवार, रविवार आणि मे महिन्याच्या सुट्ट्या टाळून मंगळवार-बुधवार गाठता आला तर रांगा निम्म्याने कमी वाटतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत आडवारीही शाळांच्या सहली येतात. पायथ्याचा हा भाग एप्रिल-मेमध्ये तापतो. दुपारी बाराच्या पुढे उघड्यावरची फरशी चटके देते. पावसाळ्यात सगळा सह्याद्री हिरवागार असतो आणि कड्यांवरून धबधबे कोसळतात, पण विजा कडाडल्या की बाहेरच्या राईड थांबतात. लहान मुलासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम.

मुंबईकरांना आणि पुणेकरांना इमॅजिका जवळपास सारख्याच अंतरावर आहे. दोघांनाही द्रुतगती महामार्गावरून खोपोलीला उतरून पालीच्या रस्त्याला लागायचं असतं. फरक घाटाचा. पुण्याहून येणाऱ्यांना बोरघाट उतरावा लागतो, आणि ज्या मुलाला गाडी लागते त्याला दुधाचा पेला पाजून निघणं अंगाशी येतं. कोरडी पोळी किंवा खाकरा द्यावा, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि मोबाइलवर कार्टून लावू नये. लोकलने यायचं तर कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत गाडी आहे, पुढे रिक्षा. पण त्या लोकल मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

सकाळी दार उघडताना आत असावं. पहिल्या दोन तासांत मुलांच्या सगळ्या राईड रांगेविना होतात. मग जेवण, आणि मग झोप. झोपेची वेळ हा या दिवसाचा कणा. दुपारी तासभर न झोपलेलं मूल संध्याकाळी कशानेही हसत नाही. बाबागाडी असेल तर सावलीत किंवा वातानुकूलित उपाहारगृहाच्या कोपऱ्यात डुलकी होऊ शकते. हॉटेलात मुक्काम असेल तर खोलीवर नेऊन झोपवावं. संध्याकाळी पात्रांची परेड निघते, टबी नाचत येतो. ती बघायची असेल, तर दुपार वाचवावीच लागते. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. एका दिवसात दोन्ही करण्याची हौस मुलाच्या अंगावर येते. वॉटर पार्क हवंच असेल तर त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.

खाण्याचा प्रश्न आधी सोडवावा. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत. बाळाच्या खाण्याचं आणि औषधाचं दारावर सांगावं लागतं. त्यामुळे थालीपीठ-दह्याचा भरलेला डबा गाडीतच, आत शिरण्याआधी किंवा बाहेर पडल्यावर उघडायचा. केक आत कापायचा असेल तर पार्कशी किंवा हॉटेलशी आधी बोलून ठरवावं. खोक्यातला केक डिकीत ठेवून दिवसभर उन्हात सोडला तर संध्याकाळी त्याचं क्रीम खोक्याला लागलेलं असतं. खिशात मुलाच्या नावाऐवजी फक्त पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि भडक रंगाचा टीशर्ट घालावा, म्हणजे गर्दीत शोधायला सोपं.

दुसऱ्या दिवसाचा बल्लाळ

मुक्काम केला असेल तर दुसरी सकाळ त्याच रस्त्याने पुढे पालीला न्यावी. वाढदिवसाला देवदर्शन होतं आणि अष्टविनायकातला बल्लाळेश्वर हा खरं तर मुलांचाच गणपती. आठांमध्ये भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हा एकटाच, आणि तो भक्त एक लहान मुलगा. कथा अशी, की बल्लाळ गावातल्या पोरांना जमवून रानात जायचा, दगडाचा गणपती करून दिवसभर पूजेचा खेळ मांडायचा. पोरं जेवायला घरी येईनात, तेव्हा गावकरी तक्रार घेऊन आले आणि बापाने चिडून त्याला झाडाला बांधलं. मग गणपतीच त्याला सोडवायला आला. देवळात चिमाजी अप्पांनी अर्पण केलेली पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली. मागे सरसगडाचा कातळ उभा. घंटा कुठून आली आणि कशी आणली, हे चार वर्षांच्या मुलाला सांगायला पायऱ्यांवरची पंधरा मिनिटं पुरतात.

खोपोलीतच १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र आहे. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली पाइपांतून आणून एकेकाळी मुंबईच्या गिरण्या चालवणारं. कड्यावरून उतरणारे ते पाइप परतीच्या वाटेवर गाडीतून दाखवता येतात. उंचावरून पाणी पडलं की काय होतं, हे मुलाने काल होडीच्या राईडशी उभं राहून पाहिलेलंच असतं.

खर्चाचा आकडा चौघांच्या कुटुंबाला काही हजारांत सहज जातो, दर हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात. मुलाच्या वयाप्रमाणे विचार केला तर सल्ला सोपा आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला इमॅजिकात नेण्याची घाई करू नये, त्याला जवळच्या बागेतला झोपाळा पुरेसा आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला न्यावं, पण त्याच्या मापाचं पार्क बघायला. आणि दहा-अकराव्या वाढदिवसाला पुन्हा जावं, तेव्हा पट्टीपुढे टाचा उंचावायची गरज बहुधा नसते. त्या वेळी मात्र त्याच्यासोबत नायट्रोत बसायची तयारी आईबाबांना करावी लागेल.