साडेसत्त्याहत्तर

“टाचा टेकव, बाय. टाचा.” मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडीच्या सेविकाताई गुडघ्यांवर बसून एका चिमुरडीच्या पायांकडे बघत होत्या. ऑगस्टचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. मुलीला याच महिन्यात दोन वर्षं पूर्ण झालेली. आजवर तिला आडव्या फळीवर निजवून मोजलं. आज पहिल्यांदा उभं केलं. दोन्ही मापांत पाऊण सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून ताई वय आधी कार्डावर तपासतात.

केसांतलं रबर काढलं. टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू उभ्या पट्टीला टेकवली. मदतनीस बाईंनी गुडघे धरले. नजर सरळ राहावी म्हणून आई समोर बसली. सरकती पट्टी टाळूवर आली. 77.5 सेंटिमीटर. पुन्हा मोजलं, तेवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलींची मध्यम उंची 85.7 सेंटिमीटर असते आणि 79.3 च्या खालची मुलगी खुजी धरली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी आढळली.

या मुलीचं वजन उंचीच्या मानाने ठीक होतं, त्यामुळे सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वजन एका जुलाबात उतरतं आणि चार आठवडे नीट खाल्लं की चढतं. उंची उतरत नाही, नुसती अडते. आणि ती अडली हे कळायला वेळ लागतो. ताईंनी उंची फोनवर नोंदवून तो बाजूला ठेवला आणि आईकडून मागच्या तीन वर्षांचा हिशेब घ्यायला बसल्या.

घरची नागली, वरई, थोडा भात. शिमग्यापर्यंत कणगी रिकामी होते. दिवाळीनंतर नवरा-बायको उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेऊन वीटभट्टीवर जातात, पाऊस लागला की परततात. ही मुलगी पोटात असताना आई सहा महिने भट्टीवर चिखल वाहत होती. मूल जन्मलं ऑगस्टात, म्हणजे जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात. सहा महिन्यांची झाली, वरचं अन्न सुरू करायची वेळ आली, तेव्हा फेब्रुवारी होता, पुन्हा भट्टी. आठवड्याच्या खर्चीत तांदूळ, मीठ, मिरची, कधी बटाटे. बाळाला तांदळाची पातळ पेज, तीही दोनदा, कारण मधे काम थांबत नाही. वाटीएवढं पोट पाण्यानेच भरायचं. त्यात वरचेवर जुलाब.

“रेशन मिळतं ना?” मी विचारलं. मिळतं. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य. त्याने चूल पेटते आणि पोट भरतं, हे खरंच मोठं आहे. पण हाडं वाढायला डाळ, अंडं, दूध, तेल, पालेभाजी लागते, आणि ते सगळं विकत आणावं लागतं. जिथे रोख पैसा उचल फेडण्यातच जातो, तिथे आईला ‘चौरस आहार द्या’ असं नुसतं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिला काय द्यावं हे माहीत होतं. द्यायला नव्हतं.

गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस या मुलीचे संपले. पुढे चांगलं खाऊन ती काही उंची भरून काढेलही, पण गेलेलं सगळं परत मिळणं अवघड. आणि आईला पुन्हा सातवा महिना आहे.

दुपारी अमृत आहाराची ताटं मांडली. ही योजना 2015 पासून आदिवासी भागात आहे. गरोदर बाईने अंगणवाडीत बसूनच जेवायचं. ताट घरी नेलं की त्याचे पाच वाटे होतात. आईने भात-डाळ कालवली आणि पहिला घास सवयीने मुलीकडे नेला. ताईंनी तिचा हात हलकेच अडवला, मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या वाट्याचं अंडं सोलायला लागल्या. “हिचं हिला आहे. ते तू खा.”

मग त्यांनी विचारलं, “दिवाळीनंतर जाणार का गं?” दिवाळीच्या आसपासच बाळंतपण आहे. आई ताटाकडे बघत म्हणाली, “उचल घेतलीय, ताई.”