आजीची चित्रे: निवड नको, नोंद हवी

हौसेने तैलरंग हाताळणारी आजी गेल्यावर तिची चित्रे लोकांसमोर आणायची ठरली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘यातली चांगली कोणती?’ हा. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. दहा-बारा देखणी चित्रे निवडून प्रदर्शन भरवण्यापेक्षा बरीवाईट सगळीच नोंदींसह खुली करावीत. निवडीमागे बहुधा ग्रँडमा मोझेस होण्याची आशा असते. अमेरिकेतल्या या शेतकरीणबाईंची चित्रे १९३८ मध्ये हूसिक फॉल्स गावातल्या औषधांच्या दुकानात एका संग्राहकाच्या नजरेस पडली आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन लागले. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. पण ही लॉटरी झाली, आणि लॉटरीच्या भरवशावर घरच्या ठेव्याचे काय करायचे ते ठरवता येत नाही.

ब्रिटनमध्ये २००३ साली पब्लिक कॅटलॉग फाउंडेशनने वेगळी वाट धरली. सार्वजनिक मालकीचे प्रत्येक तैलचित्र नोंदवायचे, मग ते नॅशनल गॅलरीतले असो की एखाद्या इस्पितळाच्या किंवा अग्निशमन केंद्राच्या भिंतीवरचे. दर्जा हा निकषच ठेवला नाही. दोन लाखांहून जास्त तैलचित्रांची ही नोंद आज ‘आर्ट यूके’वर कोणालाही पाहता येते. चित्रातली व्यक्ती कोण, जागा कुठली, हे जाणकारांनी कळवावे अशी सोयही तिथे झाली आणि कित्येक अनोळखी चेहऱ्यांना नावे मिळाली. निवडीच्या चाळणीतून ही चित्रे कदाचित आधीच गळाली असती. आपल्याकडेही तेच होते. घरच्यांना ‘सर्वांत छान’ वाटते ते बहुधा कॅलेंडरवरून उतरवलेले असते. उलट परसातला आड किंवा पुढे पाडलेल्या वाड्याचा चौक जरा वेडावाकडा रंगवलेला असला, तरी त्या जागेची रंगीत नोंद तेवढीच उरलेली असू शकते.

नकलांचा आणखी एक पेच आहे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांची नक्कल दाखवायला हरकत नाही. पण हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे, अनेकजण रविवर्म्यांचेच समजतात ते प्रसिद्ध चित्र सावळाराम हळदणकरांचे आहे. ते १९६८ मध्ये गेले. भारतीय कायद्यानुसार चित्रावरचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे इथे २०२८ अखेरपर्यंत. हाच नियम आजीलाही लागू. ती २०१० मध्ये गेली असेल, तर हक्क २०७० अखेरपर्यंत वारसांचा. मृत्युपत्र नसेल, तर चित्र ज्याच्या भिंतीवर आहे तो एकटा त्याचा मालक ठरत नाही. चित्रे कोणालाही वापरू देण्याचा परवाना द्यायचा असेल, तर मामा, मावश्या, काका, आत्या, जे कोणी वारस असतील त्या सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. (नात्यांतल्या कुरबुरी चित्रांपेक्षा जास्त टिकतात.)

‘तिला हे आवडले असते का?’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या काही हौशी नव्हत्या, रीतसर शिकलेल्या होत्या. तरी आपली अमूर्त चित्रे मृत्यूनंतर वीस वर्षे दाखवू नयेत असे त्यांनी बजावून ठेवले होते. आजीने असे काही सांगितले असेल, तर विषय संपला. सांगितले नसेल, तर तिच्या मौनाला नकार समजणे मला पटत नाही. ज्या बाईने चित्राला चौकट करून ते दिवाणखान्यात लावले, तिने पाहुण्यांना ते दाखवलेच होते. हयात माणसांची व्यक्तिचित्रे असतील, तर त्यांना विचारावे. लोक हसतील, ही भीती उरतेच. पण तिला महान चित्रकर्ती म्हणून मिरवले, तरच हसायला जागा मिळते. साल, ठिकाण, माप, आणि ‘नक्कल’ की ‘समोर बसून काढलेले’, एवढे सरळ लिहिले की कोणी हसण्याचे कारण नाही.

तैलरंग वाळला तरी आपल्या पावसाळी हवेत कॅनव्हासला बुरशी धरते. तेव्हा येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक चित्राचा फोटो काढा, फ्लॅश न लावता आणि मागच्या बाजूचाही. सही, तारीख, फ्रेमवाल्याची चिठ्ठी बहुधा तिथेच सापडते.