पट्टीच्या पाठीवरचा बॅच नंबर

कोकणातल्या पिंगुळीत पावसाळा लागला की भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि ज्यांना बुरशीची नि धुळीची ॲलर्जी आहे त्यांची सकाळ शिंकांनीच उजाडते. मग कुडाळच्या मेडिकलमधून सेट्रिझिन येतं. त्या इवल्याशा गोळीत खरं औषध फक्त १० मिलिग्रॅम, बाकी सगळं तिला आकार देणारं.

पट्टीवरची एक्सपायरी आपण बघतो, बॅच नंबर बघत नाही. खरी नवलाई त्या नंबरात आहे. एका खेपेत बनलेल्या सगळ्या गोळ्यांना तोच नंबर, आणि कारखान्यात त्या नंबराची नोंदवही: कच्चा माल कुठल्या पिंपातला, वजन कोणी केलं, यंत्र कधी सुरू झालं, सही कोणाची. पिंगुळीच्या ठाकरांच्या चित्रकथीत सुट्या चित्रांची पोथी असते, एक चित्र हरवलं की कथा अडते. या वहीचंही तसंच. नोंदींत खोट निघाली, तर गोळीत दोष सापडलेला नसतानाही बॅच परत बोलावली जाऊ शकते!

नवं औषध ४० अंश तापमानात, ७५ टक्के दमटपणात सहा महिने ठेवून पारखतात. विक्रीला गेल्यावरही राखून ठेवलेले नमुने तपासले जातात. गोळी ठरलेल्या वेळात विरघळली नाही, तरी बॅच मागे येऊ शकते. रोज १० मिलिग्रॅम घ्यायच्या औषधात गोळी जुनी होता होता तयार झालेला एखादा अनोळखी घटक २० मायक्रोग्रॅमच्या वर गेला, तर तो नेमका काय आहे हे शोधावं लागतं. २० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग.

अशा परतबोलावणीचे भारतात तीन वर्ग आहेत. जिवाला धोका असेल तर २४ ते ७२ तासांत माल उचलायचा, दुसऱ्या वर्गाला १० दिवस, आणि जिथे अपाय होण्याची शक्यता जवळजवळ नाही त्या तिसऱ्याला ३० दिवस. ३० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतल्या मॅकनील कंपनीने मुलांची चाळीसहून जास्त पातळ औषधं परत मागवली. त्यांत ॲलर्जीची झिर्टेक आणि बेनाड्रिलही होती. गंभीर त्रासाची शक्यता फारच कमी, असं तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं होतं. तरी ती हाक कुवेत आणि अमिरातीपर्यंत गेली, जिथे कोकणातली कितीतरी कुटुंबं राहतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला.

आपल्याकडे गोळीला त्या वहीशी जोडणारा बॅच नंबराचा धागा तुटतो तो दुकानातल्या कात्रीने. दोन-चार गोळ्या कापून घेतल्या की बॅच नंबर बहुधा दुकानातच राहतो. म्हणून नंबर छापलेलं टोक मागावं, नाहीतर बॅच नंबर लिहिलेलं बिल घ्यावं. परतबोलावणीच्या यादीत तो नंबर दिसला, तर गोळ्या फेकू नयेत, दुकानदाराला परत नेऊन द्याव्यात.