विश्लेषण : पदपथ रुंद केल्याने वाहतूक कोंडी खरेच वाढते का?

‘आधीच रस्ता अरुंद, त्यात पदपथ कशाला वाढवता?’ पुण्यात पदपथाचे काम निघाले की हा प्रश्न येतोच. मात्र रस्त्यावरून तासाला किती वाहने जाणार, हे बहुतेक वेळा पुढच्या चौकात ठरते.

चौकातले गणित काय?

हिरवा सिग्नल अखंड सुरू राहिला, तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० मोटारी सुटू शकतात. दोन मिनिटांच्या चक्रात त्या दिशेला ४० सेकंदच हिरवा मिळत असेल, तर हा आकडा ६०० वर येतो. (फटीतून पुढे सरकणाऱ्या दुचाकी या हिशेबात बसत नाहीत, हा भाग वेगळा.) त्यामुळे चौकात दोनच लेन असतील, तर आधीच्या टप्प्यात साडेतीन लेन असूनही कोणी लवकर पोहोचत नाही. त्या जादा जागेत शेवटी गाड्या उभ्या राहतात. ती पदपथाला दिली तर वाहतुकीचे फारसे बिघडत नाही. चौकाच्या तोंडाशीच लेन कापली, तर मात्र कोंडी अटळ.

जंगली महाराज रस्त्यावर काय केले?

वर्षानुवर्षे खड्डे न पडलेला रस्ता म्हणून तो आधीच प्रसिद्ध. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, त्याच सुमारास या रस्त्याची पुनर्रचना हाती घेतली. पदपथ रुंद झाले, बसायला जागा आली, पार्किंगसाठी कप्पे आखले गेले. हा रस्ता आणि शेजारचा फर्ग्युसन रस्ता एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या वाहनांचा अडथळा नाही. पण एकेरी रस्त्यावर वाहने वेग घेतात आणि रस्ता ओलांडणे अवघड होते.

ओलांडायला वेळ किती लागतो?

सिग्नलच्या हिशेबात चालण्याचा वेग सहसा सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत पार. गुडघेदुखी असलेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटरने चालल्या, तर त्यांना ३० सेकंद लागतील. तेवढ्यात गाड्या सुटलेल्या असतात. मध्ये थांबायला सुरक्षित दुभाजक असेल तर ओलांडणे दोन टप्प्यांत होते आणि सिग्नलही फार लांबवावा लागत नाही. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यात ३२,८२५ पादचारी होते.

मग अडते कुठे?

पार्किंगवर. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार व्यापारी भागात चालण्यासाठी किमान अडीच मीटर मोकळी जागा हवी. कडेला उभ्या मोटारींची एक रांग जवळपास तेवढीच जागा खाते. पदपथ केला आणि त्यावर दुचाकी चढल्या, तर पादचारी पुन्हा रस्त्यावर उतरतो. मग पदपथही वाया आणि लेनही. रस्त्यावरील पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण पुणे महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केले, पण पुढे अनेक वर्षे ते कागदावरच राहिले.

अडथळामुक्त पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनमुक्त होतो. तो कायमचा तसा करायचा, तर खरेदीला येणाऱ्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, हे आधी ठरवावे लागेल.