वारा कमी, की मोजणी अपुरी?

नगर-पुणे रस्त्याने जाताना सुप्याजवळ डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या लांबूनच दिसतात. टाटा पॉवरचे सुप्यातील १७ आणि खांडक्यातील ५०.४ मेगावॅटचे प्रकल्प नगर जिल्ह्यातलेच. डोंगर सोडून सपाटीवर आले की मात्र ‘इथे वारा कमी, चक्की परवडणार नाही’, असे सहज म्हटले जाते. हा निकाल मोजणीशिवाय देता येत नाही.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वेग मिळाला, तर ऊर्जा ७३ टक्क्यांनी वाढते. म्हणून नुसती वार्षिक सरासरी फसवी ठरते. अर्धा काळ ३ आणि अर्धा काळ ७ मीटर वेग असेल, तर सरासरी ५च निघते. पण ऊर्जा एकसारख्या ५ मीटर वाऱ्यापेक्षा ४८ टक्के जास्त असते. नगरचे तसेच आहे. पर्जन्यछायेतल्या या मुलखात नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस बेताचा देतात, पण चक्क्या त्याच महिन्यांत जोमाने फिरतात. त्यामुळे मनोऱ्यावर वेगमापक बसवून बारा महिन्यांच्या नोंदी घ्याव्याच लागतात.

उंचीचेही तसेच. सपाट जमिनीवर ५० मीटरवरून १५० मीटरवर गेले की वेग साधारण १७ टक्के आणि ऊर्जा ६० टक्के वाढते. डोंगरमाथ्यावर हा फायदा कमी. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची क्षमता १०० मीटरवर सुमारे ४५ हजार मेगावॅट, तर १५० मीटरवर सुमारे १ लाख ७४ हजार आहे.

आता खर्च. क्षमतेच्या २२ टक्के वापर झाला, तर एक मेगावॅटची चक्की वर्षाला १९.३ लाख युनिट देते. ३० टक्के झाला, तर २६.३ लाख. कर्जाचा हप्ता तोच, म्हणजे मंद वाऱ्याच्या जागी प्रत्येक युनिटमागचा खर्च ३६ टक्के जास्त. पूर्वी राज्यात कमी वाऱ्याच्या पट्ट्याला जास्त दर मिळे. २०१७च्या देशव्यापी लिलावात दर ३.४६ रुपयांवर आला आणि अशा जागा स्पर्धेत मागे पडल्या.

पण वीज कधी मिळते, यालाही मोल आहे. ढगाळ पावसाळ्यात सौरऊर्जा घटते, रात्री तर ती नसतेच. त्या वेळी नगरचा वारा कामाला येतो. म्हणून रस्ते आणि वीजवाहिन्या तयार असलेल्या डोंगरांवर जुन्या छोट्या चक्क्यांच्या जागी उंच, लांब पात्यांच्या चक्क्या आधी उभ्या राहाव्यात. सपाटीवरच्या ग्रामपंचायतींनी मात्र जागेचा ठराव करण्याआधी कंपनीकडे वर्षभराच्या नोंदी मागाव्यात.